क्रिसोफोरोची नोंदणी

आमच्याकडे माणूस सकाळी उठला की आधी डावा बूट झटकतो, मग उजवा झटकतो आणि मग घालतो. टॉवेल झटकून घेतो. बागेत काम करायचं असेल तर हातमोजे झटकतो. ॲरिझोनाच्या या भागात नवा राहायला आलेला माणूस कसा ओळखायचा, तर तो उठल्याबरोबर सरळ कॉफी करायला जातो. पहिला उन्हाळा संपेपर्यंत तोही झटकायला लागतो.

व्हर्लिन स्टकीला हे कुणी शिकवावं लागलं नाही. विंचू मारणं हा त्याचा एकतीस वर्षांचा धंदा होता. पाठीवर औषधाची टाकी, हातात फवाऱ्याची नळी आणि शर्टाच्या खिशावर उताण्या पडलेल्या विंचवाचं चित्र, असा तो दारात उभा राहिला की बायका आपणहून मुलांना आणि कुत्र्यांना घेऊन बाहेर जायच्या. आमच्या ओकोटिलो पार्क या वसाहतीत चौसष्ट घरं आहेत. त्यातल्या प्रत्येक घराच्या तळाखालच्या पोकळीत व्हर्लिन पोटावर सरपटत गेलेला आहे. आजवर किती मारलेस, असं कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "मी नाही मोजले. त्यांनी मोजले असतील."

अशा माणसाने पंच्याहत्तराव्या वर्षी विंचू पाळला.

मी पार्कच्या कमिटीचा चिटणीस आहे. माझं अक्षर बरं आहे, एवढंच त्यामागचं कारण. त्यामुळे पुढची बरीच हकिकत इतिवृत्तात आहेच. उरलेली इतिवृत्तात घालण्यासारखी नव्हती.

व्हर्लिनची बायको आयडेला फेब्रुवारीत गेली. मे महिन्यात तो मागच्या पडवीतली फळी आवरायला गेला, तर तिथे तिचे बागकामाचे हातमोजे पडलेले. हिरवं जाड कापड, माती वाळून बोटं कडक झालेली. डाव्या हातमोज्याच्या तोंडाशी एक विंचू बसला होता. आमच्या वाळवंटातला मोठा, केसाळ विंचू, तळहाताएवढा, पाठ काळपट आणि पाय पिवळे. हा चावला तर गांधीलमाशी चावल्याइतकं दुखतं. माणसं त्याला घाबरतात ती त्याच्या आकाराला. खरा वाईट तो त्याचा फिक्या रंगाचा किरकोळ भाऊबंद, पण त्याच्याकडे कुणी वळूनही बघत नाही.

व्हर्लिनच्या दृष्टीने हे दीड सेकंदाचं काम होतं. हातमोजा उचलायचा, झटकायचा, वर टाच ठेवायची. त्याने हातमोजा उचलला आणि तो हातात धरून पडवीत अर्धा तास उभा राहिला. मग घरात गेला, माशांची जुनी काचेची पेटी शोधून काढली, तिच्यात वीतभर वाळू घातली आणि हातमोजा होता तसा, विंचवासकट, अलगद आत ठेवला.

विंचू पाळणं सोपं आहे, असं पुढे व्हर्लिन मला सांगायचा. तो भुंकत नाही, केस गाळत नाही, फिरायला नेण्याचा हट्ट धरत नाही. आठवड्याला एक रातकिडा खातो आणि मिळाला नाही तर महिनाभर तक्रार करत नाही. पाणी बाटलीच्या बुचात पुरतं. मात्र वाळू ओली राहता कामा नये, ऊब कमी होता कामा नये आणि रातकिडा पार्कातला असता कामा नये, कारण पार्कातल्या रातकिड्यांच्या पोटात औषध असतं. ते औषध कुठलं आणि किती दिवस टिकतं हे व्हर्लिनइतकं कुणाला ठाऊक असणार! त्यामुळे तो दर शनिवारी चाळीस मैल गाडी हाकत शहरात जायचा आणि तिथल्या दुकानातून डबीभर स्वच्छ, संस्कारी रातकिडे घेऊन यायचा.

खरी अडचण होती मंगळवारची. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सगळ्या पार्कात फवारणी होते. हा नियम व्हर्लिननेच कधीकाळी कमिटीच्या गळी उतरवला होता, आणि एकही घर सोडायचं नाही हे कलमही त्याचंच. आता पहिला मंगळवार उजाडला की व्हर्लिन सकाळी सातला खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावायचा, काचेची पेटी गाडीत घालायचा, किराणा दुकानाच्या पटांगणात गाडी उभी करायचा आणि गार हवेचं यंत्र लावून दुपारपर्यंत आत बसून राहायचा. औषधवाले गेले, वास उडाला की परत.

असं वर्षभर चाललं. पुढच्या मेमधल्या मंगळवारी लव्हॉन प्रुइट त्या पटांगणातून दुधाची बाटली घेऊन चालली होती.

लव्हॉनबाई आमच्या कमिटीच्या अध्यक्ष. सगळी नोकरी त्यांनी वाहन परवान्याच्या खिडकीमागे केली आणि सही अपुरी म्हणून स्वतःच्या भावाला दोनदा परत पाठवलं. फार न्यायी बाई. आठ वर्षांपूर्वी त्यांना टॉवेलमधला फिका विंचू चावला होता. तीन दिवस हात बधिर होता. त्यानंतर व्हर्लिनने त्यांचं घर अकरा वेळा औषधाने धुऊन काढलं आणि प्रत्येक वेळी बाईंनी मेलेले विंचू मोजून घेतले.

तर आमच्याकडे उन्हात उभ्या गाडीत कुणी बसलेलं दिसलं, की आत कुत्रं तर कोंडलं नाही ना हे बघायला कुणीही काच ठोठावतं. बाईंनी ठोठावली. व्हर्लिनने काच खाली केली. कुत्रं नव्हतं. शेजारच्या सीटवर काचेची पेटी होती आणि तिच्याभोवती पट्टा नीट अडकवलेला होता.

बाई वाकून बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "हा मेलेला आहे ना?"

"नाही," व्हर्लिन म्हणाला. "काच वर घेऊ का? गार हवा जातेय."

चौथ्या दिवशी व्हर्लिनला पत्र गेलं. ते मीच लिहिलं होतं, त्यामुळे मजकूर आठवतो. पार्कच्या नियमावलीत दोन कलमं आहेत. चौदावं कलम पाळीव प्राण्यांचं: घरटी एक, वजन पंचवीस पौंडांच्या आत, रीतसर नोंदणी केलेला. बाविसावं कलम उपद्रवी प्राण्यांचं: असा प्राणी घरात आढळल्यास दहा दिवसांत फवारणी, आणि रहिवाशाने फवारणीला अडथळा केल्यास त्याने जागा सोडावी. आपला विंचू चौदाव्यात बसतो की बाविसाव्यात, याचा निर्णय शुक्रवारी दुपारी चार वाजता सभागृहात होईल. सोबत नोंदणीचा अर्ज जोडला आहे.

व्हर्लिन पत्र घेऊन एउसेबियोकडे गेला. एउसेबियो ओचोआ त्याचा शेजारी. तांब्याच्या खाणीत जन्म गेला, आता टोमॅटो लावतो. मीही तिथेच होतो. एउसेबियो म्हणाला, एवढं काय त्यात, कुंपणापलीकडे नेऊन सोड त्याला, वाळवंटातला आहे, वाळवंटात जाईल. व्हर्लिनने पत्राची घडी घातली. मग त्याने सांगितलं की तो हातमोज्यात राहतो. एउसेबियोने एकदा माझ्याकडे बघितलं, मग उठून चष्मा आणला. "दे इकडे," तो म्हणाला. "अर्ज भरू."

पहिल्या रकान्यातच गाडी अडली. नाव. व्हर्लिनने विंचवाला नाव ठेवलेलं नव्हतं. हाक मारली तरी तो येत नाही, मग नाव कशाला, असं त्याचं म्हणणं. एउसेबियोने स्वतःच्या कैलासवासी सासऱ्याचं नाव सुचवलं: क्रिसोफोरो. का, तर सासरेबुवाही दिवसभर कोपऱ्यात बसायचे, आठवड्यातून एकदा जेवायचे, आणि ते जागचे हलले की घरातली माणसं भिंतीला लागायची. नाव लिहिलं गेलं. एउसेबियोच्या बायकोने आठ दिवस त्याच्याशी अबोला धरला.

लिंग: नर. व्हर्लिनने विचार न करता सांगितलं. एउसेबियोने विचारलं की खात्री आहे का. व्हर्लिन म्हणाला, आपल्याला विंचू फक्त उताणे माहीत आहेत, पण हा बसतो तरी पुरुषासारखा.

वजन पौंडांत, पूर्णांकात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर क्रिसोफोरो अर्ध्या औंसालाही पोचला नाही. म्हणून आम्ही शून्य लिहिलं. लव्हॉनबाईंनी अर्ज परत पाठवला. शून्य वजनाचा प्राणी म्हणजे प्राणीच नाही, आणि जो नाही त्याची नोंदणी करता येत नाही. आम्ही एक पौंड लिहिलं. पार्कच्या दप्तरात तो अजून एक पौंडाचा आहे.

राहिला कुत्र्यामांजराच्या डॉक्टरचा दाखला. शहरातल्या डॉक्टरबाईंनी पेटी चारी बाजूंनी फिरवून बघितली आणि लिहून दिलं की या जनावराला पिसाळण्याचा रोग होऊ शकत नाही, सबब लस दिलेली नाही. व्हर्लिनने विचारलं की गेले काही आठवडे तो रातकिड्याला तोंड लावत नाही, काय करावं. डॉक्टरबाई म्हणाल्या, खरं सांगू का, आत्तापर्यंत विंचवाची तक्रार घेऊन जे आले ते विंचवाच्या बाजूने आलेले नव्हते.

व्हर्लिनचं लक्ष तेव्हापासून अर्जात नव्हतं. नऊ आठवडे झाले होते. तो रोज सकाळी पेटीपुढे खुर्ची ओढून बसायचा, चिमट्यात रातकिडा धरायचा, क्रिसोफोरो नांगी अर्धी उचलायचा आणि परत हातमोज्यात जायचा. "कालचा घे पाहिजे तर," मी एकदा त्याला विंचवाशी बोलताना ऐकलं. "कालचा जरा लहान होता." मला बघून त्याने चिमटा धुवायला घेतला.

शुक्रवारी चारला सभागृह भरलं. उन्हासाठी जाड पडदे ओढलेले होते. टेबलावर काचेची पेटी, एका बाजूला व्हर्लिन, दुसऱ्या बाजूला कमिटीचे पाच सदस्य आणि लव्हॉनबाईंच्या मांडीवर त्यांचं बुटकं कुत्रं, बिस्किट. बिस्किट रीतसर नोंदलेलं आहे. ते पोस्टमनला दोनदा चावलं आहे, पण नोंदणीनंतर.

सुरुवात व्हर्लिनच्या बाजूने चांगली झाली. बाईंनी एकेक अट वाचली. गोंगाट? नाही. दुर्गंधी? नाही. शेजाऱ्याच्या अंगणात घाण? नाही. बाहेर नेताना बांधून नेतो का? सीटचा पट्टा लावतो. चावण्याचा पूर्वेतिहास? व्हर्लिन म्हणाला, वर्षभरात एकदाही नाही, आणि त्याची नजर बिस्किटकडे गेली नाही हे मी मुद्दाम पाहिलं. ती गेली नाही, पण बाकी सगळ्यांची गेली.

प्रकरण तिथेच संपायचं. पण एउसेबियोला मदत करण्याची हौस आली. तो म्हणाला, नुसते कागद काय बघता, एकदा त्याचं रूप तरी बघा. आणि त्याने उठून दिवे बंद केले.

आमच्याकडे प्रत्येकाच्या किल्ल्यांच्या जुडग्याला एक जांभळा दिवा असतो. त्या उजेडात विंचू हिरवा चमकतो. इथे लोक त्याच उजेडात अंगण, पडवी, मोरी बघतात, आणि हिरवं काही दिसलं की हातचं काम टाकून उरकतात. एउसेबियोने दिवा पेटीवर धरला. क्रिसोफोरो हातमोज्यातून पुढे आला. खरंच देखणा दिसत होता, नांगीपासून पंज्यापर्यंत हिरवागार.

अंधारात खसपस आवाज झाला.

कुणीतरी दिवे लावले. कमिटीचे पाचही सदस्य उभे होते आणि प्रत्येकाच्या हातात एकेक बूट होता. लव्हॉनबाईंच्या हातात तेवढी चप्पल होती, बिस्किट खाली पडलं होतं. एउसेबियोच्या एका हातात जांभळा दिवा आणि दुसऱ्यात बूट. माझ्या उजव्या हातात इतिवृत्ताचं पेन होतं, म्हणून बूट डाव्या हातात होता.

आणि पेटीच्या सगळ्यात जवळ, डोक्यावर बूट उगारून, व्हर्लिन उभा होता.

लव्हॉनबाईंनी आधी आपली चप्पल घातली. मग बसल्या. "मिस्टर स्टकी, तुमच्या हातात काय आहे?"

व्हर्लिनने वर बघितलं. "बूट."

"कशासाठी काढलात?"

"सवय आहे, अध्यक्षबाई."

"म्हणजे तुमच्या स्वतःच्या मतेही हा मारण्याचाच प्राणी आहे."

"माझ्या नाही," व्हर्लिन म्हणाला. "हाताच्या."

पाठीमागून कुणीतरी हसलं आणि थांबलं. व्हर्लिनने बूट टेबलावर ठेवला, मग ते बरं दिसत नाही असं वाटून खाली ठेवला.

"हाताला एकतीस वर्षं एकच शिकवलं," तो म्हणाला. "दिसला की उरकायचा. हा पण उरकला असता. पण हा आयडेलाच्या हातमोज्यात होता. त्याला काढायचं तर हातमोजा झटकायला पाहिजे. तिने काढून ठेवला तसाच आहे तो, बोटं अजून वाकलेली आहेत. झटकला की नुसतं कापड उरतं."

एकेकाने वाकून आपापला बूट पायात घातला. इतिवृत्तात त्या जागी "सभासदांनी पादत्राणे घातली" एवढंच आहे.

मतदान झालं. तीन विरुद्ध दोन, क्रिसोफोरो चौदाव्या कलमात बसला. लव्हॉनबाईंनी विरोधात मत दिलं आणि लगेच नोंदणीच्या दाखल्यावर स्वतः सही केली, कारण सही अध्यक्षांची लागते. घरटी एक प्राणी, ही अट त्यांनी लाल शाईने अधोरेखित केली. ती मोडली तर नोंदणी रद्द आणि बाविसावं कलम लागू. महिन्याभरात तपासणी.

तपासणीला चार दिवस उरले असताना एउसेबियो माझ्या दारात आला. कॉफीच्या वेळेला तो येत नाही. त्याने टोपी काढली. "चल," तो म्हणाला. "सासरेबुवा बाळंत झाले."

पेटीत क्रिसोफोरो हातमोज्याच्या मनगटाशी बसली होती आणि तिच्या पाठीवर शिजलेल्या भातासारखी पांढरी पिल्लं एकावर एक लगडलेली होती. त्यांना डोळ्यांची जागा म्हणून नुसते ठिपके. इतक्या आठवड्यांच्या उपासाचा उलगडा झाला. ती हातमोज्यात आली तेव्हाच पोटाशी होती, वर्षभर तिने कुणाला काही सांगितलं नव्हतं. व्हर्लिन खुर्चीवर बसून मोजत होता. तीनदा मोजली. सत्तावीस.

एउसेबियो म्हणाला की अजून कुणाला ठाऊक नाही. तपासणीच्या दिवशी पेटीवर टॉवेल टाकू, पिल्लं आईच्या पाठीवर आहेत म्हणजे एका परीने एकच प्राणी. व्हर्लिनने ऐकून घेतलं. मग शर्ट बदलला आणि लव्हॉनबाईंकडे चालत गेला. एकतीस वर्षं तो लोकांच्या घराखाली काय आहे ते लोकांना खरं सांगत आला होता. स्वतःच्या घराचं कसं लपवणार?

बाई आल्या. गुडघ्यापर्यंत बूट घालून आल्या. पेटीपासून दोन हातांवर उभं राहून त्यांनी पाठीवरची पिल्लं बघितली. हात मागे बांधलेले होते, आणि आठ वर्षांपूर्वीचा तो बधिर हात दुसऱ्या हाताने धरलेला होता.

"अर्जात नर लिहिलंय," त्या म्हणाल्या.

"मला उताणेच ओळखता येतात, अध्यक्षबाई."

बाईंनी नियमावली काढली. ती त्यांच्या पिशवीत असतेच. नोंदलेल्या प्राण्याची पिल्लं आठ आठवडे आईजवळ राहू शकतात. हा नियम बिस्किटच्या जातीसाठी केलेला आहे, पण कुत्रं असा शब्द त्यात नाही. आठ आठवडे संपले की सगळी पिल्लं पार्काबाहेर. एकही आत सापडलं तर नोंदणी रद्द. त्यांनी नराला काट मारून मादी केलं, बाजूला सही केली, व्हर्लिनची सही घेतली, आणि जाताना दारातून विचारलं की हिला आता भूक लागत असेल ना. व्हर्लिन म्हणाला, बघतो. त्या रात्रीपासून क्रिसोफोरो दिवसाआड रातकिडा खायला लागली. तिला पोटभर घालण्यात व्हर्लिनचा दुसराही हेतू होता. विंचवीण उपाशी राहिली की आई-लेकराचं नातं ती फार ताणत नाही, लेकरालाच रातकिडा समजते.

दोन आठवड्यांत पिल्लांनी कात टाकली, पांढऱ्याची पिवळसर झाली आणि पाठीवरून उतरली. उतरून कुठे गेली? हातमोज्याच्या बोटांत. जगातल्या कुठल्याही लेकराला याहून बरी जागा मिळाली नसती. एकेका बोटात पाच-पाच, सहा-सहा. संध्याकाळी बाहेर यायची, जरा फिरायची आणि हालचाल दिसली की परत बोटात. चिमट्याच्या टोकांना रबर लावून व्हर्लिनने सहा आठवड्यांत अकरा पकडली आणि एकेक करून कुंपणापलीकडे नेऊन सोडली. लव्हॉनबाईंना दर वेळी कळवत होता, त्या तक्त्यात खूण करत होत्या. सोळा उरली. सोळाही बोटांत.

शेवटच्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, आम्ही चौघं कुंपणाच्या मागच्या दारातून बाहेर पडलो. क्रिसोफोरो पेटीतच राहिली होती. व्हर्लिनच्या हातात हातमोजा होता, दोन्ही तळव्यांवर ठेवलेला, तुडुंब भरलेली बशी न्यावी तसा. मागे एउसेबियो, उन्हात काही उपयोग नसलेला जांभळा दिवा घेऊन. मग तक्ता घेऊन बाई, मग वही घेऊन मी. फवारणीची हद्द संपते तिथे एक वाळलेला ओढा आहे, त्याच्या काठी दगड आहेत. व्हर्लिन तिथे थांबला.

नुसता थांबला. एउसेबियोने खोकून बघितलं. पलीकडे एक लावा पक्षी ओरडून गेला. सूर्य डोंगराच्या वर आला आणि व्हर्लिनची टोपी तापायला लागली असणार, पण त्याने हात हलवला नाही. हातमोजा त्याच्या तळव्यांवर पडलेला होता, चारही बोटं आत वाकलेली, एखादं रोप धरून ठेवल्यासारखी.

"मी झटकू का?" लव्हॉनबाईंनी विचारलं.

ज्यांच्या टॉवेलमधून एकदा विंचू निघाला त्या बाईंनी. व्हर्लिनने त्यांच्याकडे वळून बघितलं.

"नको," तो म्हणाला. "तुम्ही मोजा."

त्याने हातमोजा झटकला नाही. तोंड खाली करून तो दगडावर टेकवला आणि वरून एका बोटावर आपलं बोट हलकेच आपटायला लागला. निजलेल्या माणसाला उठवताना खांद्यावर थोपटावं तसं. थोड्या वेळाने एक पिल्लू खाली आलं, नांगी वर करून उभं राहिलं आणि दगडाखाली पळालं. "एक," बाई म्हणाल्या. व्हर्लिन थोपटत राहिला. करंगळीतून तीन निघाली, शेजारच्या बोटातून चार, मधल्यातून पाच. त्याने घाई केली नाही. एकेक बोट रिकामं झालं की थोडं सरळ व्हायचं, वाळलेली माती सुटून पडायची, आणि दर वेळी व्हर्लिन जरा थांबायचा. तर्जनीतून तीन आली.

"पंधरा," बाई म्हणाल्या.

राहिला अंगठा. माती घट्ट बसून तो मुळाशीच दुमडलेला होता. व्हर्लिनने थोपटलं. वाट बघितली. पुन्हा थोपटलं. आत काहीतरी सरकल्याचा आवाज आला, आणि तो आवाज बाहेर यायला तयार नव्हता. त्याला काढायचं तर अंगठा धरून सरळ करायला हवा होता. व्हर्लिनने दोन बोटांत अंगठा धरला. धरून ठेवला.

लव्हॉनबाईंनी तक्त्याकडे बघितलं, मग हातमोज्याकडे.

"सोळा," त्या म्हणाल्या, आणि खूण केली.

"पंधरा झाली," एउसेबियो म्हणाला.

"एउसेबियो, मोजतंय कोण?"

एउसेबियोने जांभळा दिवा खिशात घातला. व्हर्लिनने अंगठा सोडला, हातमोजा परत दोन्ही तळव्यांवर घेतला आणि कुंपणाकडे चालायला लागला. बाई त्याच्या पुढे झाल्या, कारण मागच्या दाराची किल्ली त्यांच्याकडे असते, आणि तो आत जाईपर्यंत त्यांनी दार धरून ठेवलं.

क्रिसोफोरोने दोन दिवस त्या सैल पडलेल्या बोटांभोवती चकरा मारल्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा आत गेली. दुकानदार म्हणतो, हल्ली व्हर्लिन शनिवारी दोन आकारांचे रातकिडे मागतो, मोठे आणि अगदी बारीक. पहिल्या मंगळवारी तो पूर्वीसारखाच पटांगणात असतो. परवा लव्हॉनबाईंनी जाता जाता काच ठोठावली आणि विचारलं की सगळं ठीक आहे ना. तो म्हणाला, ठीक आहे. पेटीत किती आहेत हे त्यांनी विचारलं नाही.

इतिवृत्तात लिहिलेलं आहे की सत्तावीसच्या सत्तावीस पिल्लं पार्काबाहेर सोडण्यात आली. ते मीच लिहिलं आहे. अक्षर बरं असलं की कुणी पुन्हा मोजत नाही.